सफेद्याआडची आर्तेमिसिया

चारशे वर्षांपूर्वीच्या चित्रातल्या बाईची वस्त्रं क्ष-किरणांनी ‘उतरवली’, असा मजकूर मध्यंतरी बराच फिरला. वस्त्रं कुणीही उतरवलेली नाहीत, ती जागच्या जागी आहेत. खरं घडलं ते याहून मजेचं आहे.

चित्र आर्तेमिसिया जेंतिलेस्कीचं. जन्म १५९३, रोम. चित्रकला शिकली ती बापाच्या, ओरात्सिओच्या हाताखाली. बापाचाच सहकारी चित्रकार आगोस्तिनो तासी यानं तिच्यावर बलात्कार केला. १६१२ च्या खटल्यात ती खरं बोलते की नाही हे ‘तपासायला’ बोटं आवळली गेली तीही तिचीच, दोरीनं. (शरीराला यातना देऊन खरं-खोटं ठरवता येतं ही अंधश्रद्धा आपल्याकडेही होती; तापलेल्या तेलात हात घालायला लावणारं रवादिव्य आठवा.) पुढे फ्लॉरेन्सला गेली आणि १६१६ साली तिथल्या कला अकादमीची पहिली स्त्री सदस्य झाली. गॅलिलिओशी तिची ओळख होती.

त्याच सुमारास मायकेलअँजेलोच्या पुतण्याच्या मुलानं आपल्या घराच्या छतासाठी तिच्याकडून एक नग्न स्त्री रंगवून घेतली. हातात होकायंत्र, चित्राचं नाव ‘कल’. सुईचा कल आणि माणसाचा कल, मराठीत दोन्हीला एकच शब्द पुरतो. पुढे एका वारसाला ते उघडं अंग खटकलं आणि त्यानं व्होल्तेर्रानो नावाच्या चित्रकाराकडून वरून वस्त्र चढवून घेतलं.

या वस्त्राखालचं दिसतं कसं? भज्यांचा कागद आठवा. कागदाचे तंतू आणि त्यांच्यामधली हवा यांच्या अपवर्तनांकात, म्हणजे पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो याच्या मापात, बराच फरक असतो, म्हणून प्रकाश प्रत्येक सीमेवर विखुरतो आणि कागदाच्या पलीकडचं दिसत नाही. हवेच्या जागी तेल शिरलं की फरक घटतो आणि मागच्या पानावरचा मजकूर वाचता येतो. तैलचित्रात जवसाच्या तेलाचा अपवर्तनांक दीडच्या आसपास, तर त्यात बसलेल्या सफेद्याच्या, म्हणजे शिशापासून केलेल्या पांढऱ्या रंगाच्या, कणांचा दोनच्या आसपास. ४०० ते ७०० नॅनोमीटरचा दृश्य प्रकाश या कणांवर विखुरून वरच्यावर परत फिरतो. तरंगलांबी १००० च्या पुढे, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यात नेली की कणांच्या मानानं तरंग मोठा होतो आणि विखुरणं कमी होतं. शिवाय बरीच रंगद्रव्यं हे अवरक्त किरण शोषतही नाहीत. ते आत उतरतात आणि तळाशी कोळशाची रेघ असेल तर तिथे गिळले जातात. कॅमेऱ्यात तेवढी रेघ काळी उमटते.

क्ष-किरणांचा हिशेब वेगळा. त्यांना रंग नाही, अणू कळतो. तेलातला आणि कापडातला कार्बन त्यांना सहज वाट देतो. अणुक्रमांक ८२ असलेलं शिसं अडवतं. पण त्या काळी त्वचा रंगवायची ती सफेद्यानं, आणि पांढरं वस्त्रही सफेद्यानंच! फिल्मवर सगळ्या थरांच्या सावल्या एकमेकींवर पडतात, बेरीज होऊन. त्यातून कुठला फटकारा कुणाचा, हे अवरक्त, अतिनील आणि तिरप्या प्रकाशातल्या छायाचित्रांशी ताडून ठरवावं लागतं. फ्लॉरेन्समध्ये २०२२-२३ साली हेच झालं आणि मूळ आकृती संगणकावर उभी राहिली. वरचा जाड थर काढायचा तर रंग विरघळवणारं द्रावक खालचे नाजूक थरही घेऊन जाईल, म्हणून वस्त्र तसंच ठेवलं.

मृत्यूनंतर आर्तेमिसिया विस्मरणात गेली, तिची चित्रं बापाच्या नाहीतर भलत्याच नावावर खपली. १९१६ साली रोबेर्तो लोंगी या अभ्यासकानं बाप-लेकीवर लेख लिहिला. १९७० नंतर स्त्रीवादी अभ्यासकांनी तिला खऱ्या अर्थानं पुढे आणलं. लंडनच्या नॅशनल गॅलरीनं २०१८ साली तिच्या एका आत्मचित्रासाठी ३६ लाख पौंड मोजले.

२०२३ साली ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहातलं एक काळवंडलेलं, ‘फ्रेंच’ म्हणून नोंदलेलं चित्रही तिचंच असल्याचं जाहीर झालं. ते मूळ राजा पहिल्या चार्ल्सच्या संग्रहातलं, याचा पुरावा मात्र साध्या डोळ्यांना दिसणारा निघाला: कॅनव्हासच्या पाठीवर डागलेली ‘सीआर’ ही दोन अक्षरं, म्हणजे ‘कारोलुस रेक्स’, लॅटिनमध्ये ‘राजा चार्ल्स’.