नदी किती सोसेल? माहिती अधिकाराचा अर्ज बाद होऊ नये म्हणून

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात हिरण्यकेशी, मार्कंडेय किंवा दूधगंगेच्या काठी नवा कारखाना येतोय म्हटलं की लोक माहिती अधिकारात विचारतात, 'नदीची वहनक्षमता किती?', म्हणजे नदी किती सांडपाणी पचवू शकेल. उत्तर ठरलेलं: अशी माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही. कायद्याने दप्तरात असलेलं मिळतं, नवा हिशेब मांडून कुणी देत नाही.

म्हणून हिशेबाला लागणारे आकडे मागा. कर्नाटकच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तपासणी केंद्रांवरचे बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, तो जास्त म्हणजे घाण जास्त) व विरघळलेल्या ऑक्सिजनचे महिनावार आकडे आणि कारखान्यांच्या सांडपाणी परवानगीच्या प्रती. हिडकल धरणातून घटप्रभेत सोडलेल्या पाण्यासाठी नीरावरी निगमकडे (कर्नाटकचं पाटबंधारे महामंडळ) वेगळा अर्ज. 'महिनावार' लिहायला विसरू नका. वार्षिक सरासरीत पावसाळ्याचं पाणी मिसळलं की एप्रिल-मेची घाण दिसतच नाही. आंघोळीयोग्य पाण्यात बीओडी लिटरला 3 मिलिग्रॅमपर्यंत आणि ऑक्सिजन किमान 5 हवा, तुलना त्याच्याशी करा.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते भाषेवर. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(1) नुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत हवा, म्हणजे इथे कन्नड. मराठी अर्ज परत आला की भांडण्यात महिना जातो. कन्नड लिहिता येत नसेल तर सरळ हिंदीत लिहा आणि वर कलमाचा आकडा टाका. कारकून नाक मुरडेल, मुरडू दे.

कर्नाटकच्या नियमाने एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांत. तीन नद्यांची कहाणी एका कागदावर मांडली की संपलं. शुल्क 10 रुपये, पोस्टल ऑर्डरने. कुणाच्या नावे ते आधी विचारून घ्या. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क माफ, पण कार्डाची प्रत लावा. माहिती कशाला हवी हे सांगायची गरज नाही, कुणी कितीही खोदून विचारलं तरी.

मुदतीत फार जण फसतात. 30 दिवस अर्ज कार्यालयात पोचल्यापासून मोजायचे, पोस्टात टाकल्यापासून नव्हे. प्रतींचे पैसे मागितले तर ते भरेपर्यंतचे दिवस धरत नाहीत. उत्तर आलं नाही तर मुदत संपल्यापासून 30 दिवसांत पहिलं अपील करा. पोचपावती नसेल तर तारीख सिद्ध कशी करणार? स्पीड पोस्टानेच पाठवा.

हिरण्यकेशी आजरा-गडहिंग्लजवरून संकेश्वरला येते. तिकडचे आकडे महाराष्ट्राच्या मंडळाकडे. त्यांना वेगळा अर्ज करा. तो मराठीत चालतो, कोर्ट फी स्टँपही चालतो.