वुजूचं पाणी (इंदूरच्या संदर्भात)

वुजू म्हणजे नमाजाआधीची शुद्धी. हात धुवायचे, चूळ भरायची, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, मग डोक्यावरून ओला हात फिरवायचा (हा मसह) आणि शेवटी घोट्यापर्यंत पाय. यातलं चेहरा, हात, डोकं, पाय एवढं कुराणात (५:६) सांगितलंय. नमाज पाच वेळा असली तरी वुजू तुटला नसेल (म्हणजे ती शुद्धी मोडली नसेल) तर तोच पुढच्या नमाजाला चालतो, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं.

इस्लाम आणि पर्यावरण म्हटलं की लोक २०१५ चा मुस्लिम विद्वानांचा इस्तंबूलचा हवामान जाहीरनामा काढतात, तो ठीकच, पण रोजच्या आचारातली भारी गोष्ट ही आहे की इथे पाण्याला चक्क माप आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हदीस (पैगंबरांच्या वागण्या-बोलण्याची नोंद) आहे की पैगंबर एका मुद्दमध्ये (हे जुनं माप) वुजू करायचे, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास, हनफी (सुन्नी धर्मशास्त्राचा एक पंथ) हिशोबाने लिटरभर धरा. अवयव तीनदा धुणं सुन्नत (पैगंबरांची रीत), त्याच्यावर गेलं की मकरूह (नापसंत). वाहत्या नदीकाठीही पाणी वाया घालवू नका ही इब्न माजाच्या संग्रहातली हदीस तर सगळेच सांगतात, काही मुहद्दिस (हदीसचे अभ्यासक) तिची सनद (सांगणाऱ्यांची साखळी) कमजोर मानतात ते मात्र कोणी सांगत नाही.

जुन्या मशिदीत हौज असतो. हनफी नियमात तो दहा हात बाय दहा हात तरी पाहिजे, मग थोड्या घाणीने पाणी नापाक होत नाही जोवर रंग, वास, चव बदलत नाही. काठावर बसून ओंजळीने घ्यायचं, वापरलेलं बाजूच्या नालीत. घरी तोटीचा बधना (लोटा). दोन्हींत हात थांबला की पाणी थांबतं, आणि नळ आला तिथेच गडबड झाली, कारण बाही वर करताना, मसह करताना तो चालूच राहतो. मिनिटाला ६ लिटरचा नळ दीड मिनिट चालला तरी ९ लिटर, म्हणजे हनफी मापानेसुद्धा नऊ वुजूंचं पाणी!

इंदुरात ही उधळपट्टी जास्त बोचते कारण आपलं पाणी येतं जलूदहून, सुमारे ७० किमी, नर्मदेतून उपसून विंध्याचा चढ चढवून, आणि तरी रामबाग असो की खजराना, नळ रोज येईलच असं नाही. पंपाचं वीजबिल इतकं की महापालिकेने जलूदच्या सोलर प्लांटसाठी २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढले. सफाईत नंबर आणि २०२१ चं वॉटर प्लस सर्टिफिकेट दोन्ही आहे, पण ते कचऱ्याचं आणि सांडपाण्याचं, नळ बारीक करणं ज्याचं त्याच्यावरच.

वापरलेल्या पाण्याला मुस्तामल म्हणतात. हनफी मते ते पाक असतं पण त्याने परत वुजू होत नाही, झाडांना मात्र खुशाल घाला. अडचण मसल्याची (धर्मनियमाची) नाही, प्लंबिंगची आहे, वुजूखान्याची आणि संडासाची लाइन खाली एकच झाली की सगळंच नापाक, आणि जुन्या इमारतीत वेगळी लाइन टाकायची म्हणजे फरशी फोडा. सौदीच्या उलेमांनी (धर्मपंडितांनी) तर १९७८ मध्येच ठरवलं होतं की पूर्ण शुद्ध केलेलं सांडपाणी, रंग-वास-चव गेली असेल तर, वुजूलाही चालेल. पाणीच नसेल किंवा फक्त पिण्यापुरतं असेल तर स्वच्छ मातीवर हात मारून तयम्मुम (पाण्याविना शुद्धी), त्यात थेंबही लागत नाही.