नारूची मोजदाद: लाखांवरून चौदावर

२०२३ मध्ये साऱ्या जगात मिळून नारूचे, म्हणजे पिण्याच्या पाण्यावाटे अंगात शिरणाऱ्या लांब जंताच्या रोगाचे, १४ रुग्ण सापडले. नऊ चाडमध्ये, दोन दक्षिण सुदानमध्ये आणि कॅमेरून, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक व माली इथे प्रत्येकी एक. मलेरिया किंवा क्षयाचे जागतिक आकडे अंदाजाने काढलेले असतात, त्यांना खालची-वरची मर्यादा द्यावी लागते. नारूचं तसं नाही. इथे प्रत्येक रुग्णाचं गाव ठाऊक असतं, जंत कोणत्या तारखेला दिसला ते ठाऊक असतं, आधीच्या वर्षी तो माणूस कुठलं पाणी प्यायला याची चौकशी झालेली असते. इतकी बारीक नोंद ठेवायची सवय जगाला कशी लागली, ती ही हकिकत.

महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्या खेडुतांना नारू म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पुढच्या पिढ्यांना सांगावं लागतं, आणि हेच या मोहिमेचं मोठं यश आहे. साचलेल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव असतात. नारूच्या अळ्या त्यांच्या पोटात वाढतात. न गाळलेलं पाणी पिताना सायक्लॉप्स माणसाच्या पोटात जातो आणि तिथे मरतो. अळी मात्र सुटते, आतड्याची भिंत भेदते आणि शरीरात वाढत राहते. वर्षभर काहीच कळत नाही. मग एक दिवस घोट्याजवळ किंवा पोटरीवर फोड येतो, आग आग होते. त्या आगीने हैराण झालेला माणूस पाय पाण्यात बुडवतो, फोड फुटतो आणि जंताची मादी हजारो अळ्या त्याच पाण्यात सोडते. पुढच्या वर्षीच्या रुग्णांची तजवीज तिथेच होते.

जंत बाहेर काढायची रीत शतकानुशतकं एकच राहिली आहे. पांढऱ्या सुतासारखं टोक दिसलं की ते काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं, बोटभर, ओढत राहायचं. पूर्ण वाढलेली मादी मीटरभर लांब असू शकते, म्हणून हे काम कित्येक दिवस, कधी काही आठवडे चालतं. घाई केली आणि जंत आत तुटला, तर पाय सुजतो, पू धरतो, सांधा आखडतो. नारूवर ना लस आहे ना औषध. एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असंही नाही. जीव सहसा जात नाही, पण माणूस अंथरुणाला खिळतो तो नेमका शेतीच्या हंगामात. मालीतले डोगोन लोक याला रिकाम्या कणगीचा रोग म्हणतात. घरातला कर्ता आणि कर्ती दोघंही एकाच वेळी आडवी झाली तर त्या घराचं वर्ष कसं जात असेल, याची कल्पना कोणत्याही कोरडवाहू शेतकऱ्याला करता येईल.

रोगाचं कोडं सुटायला बराच काळ लागला. १८७० च्या सुमारास रशियन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्सी फेदचेन्को यांना मध्य आशियातल्या तुर्कस्तानात सायक्लॉप्सच्या अंगात नारूच्या अळ्या दिसल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश परजीवीतज्ज्ञ रॉबर्ट लायपर यांनी पश्चिम आफ्रिकेत दाखवलं की जठरातल्या आम्लाने सायक्लॉप्स मरतो, पण अळ्या उलट चपळ होतात. परळच्या बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, डॉ. तर्खड यांनीही त्यानंतरच्या दशकात नारूवर काम केलं. तेव्हा मुंबई इलाख्यात हा रोग घरोघरचा होता. पुढे मध्य आशियातल्याच बुखारा शहरात सोव्हिएत वैद्यकांनी तिथल्या हौदांचा बंदोबस्त करून १९३० च्या दशकाच्या आरंभीच नारू संपवला. म्हणजे उपाय तेव्हापासून ठाऊक होता: पाणी गाळा, आणि ज्याच्या पायातून नारू निघतोय त्याला पाण्यात उतरू देऊ नका. अडलं होतं ते दुसरीकडेच. रोगी दूरच्या खेड्यांत राहत होते, दवाखान्यात येत नव्हते, म्हणून कुठल्याच सरकारच्या तक्त्यात ते पुरते उमटत नव्हते.

१९४७ मध्ये अमेरिकी परजीवीतज्ज्ञ नॉर्मन स्टोल यांनी जगात नारूचे चार कोटी ८० लाख रुग्ण असावेत असा अंदाज मांडला होता. १९८० च्या दशकाच्या मध्यावर अंदाज ३५ लाखांवर आला. हे सगळे टेबलावर मांडलेले हिशेब होते. खरी मोजणी सुरू झाली ती पिण्याच्या पाण्याच्या निमित्ताने. संयुक्त राष्ट्रांनी १९८१ ते १९९० हे दशक पेयजल व स्वच्छतेचं म्हणून जाहीर केलं. तेव्हा अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रातल्या डोनाल्ड हॉपकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी सूचना केली: या दशकाचं यश मोजायला नारू वापरा. हा रोग पिण्याच्या पाण्यावाटेच पसरतो, म्हणून गावात सुरक्षित पाणी आलं की नारू जायलाच हवा. किती हातपंप बसवले हे सांगणं सोपं असतं. ते पाणी लोकांच्या पोटात पोचलं का, हे नारू सांगतो. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने निर्मूलनाचा ठराव केला आणि त्याच वर्षी माजी अमेरिकी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या कार्टर सेंटरने मोहिमेचं नेतृत्व अंगावर घेतलं.

मग आला तो अवघड टप्पा. नायजेरिया आणि घाना या देशांची सरकारी नोंद तोवर काही हजारांची असे. गावोगाव फिरून शोध घेतल्यावर एकट्या नायजेरियात साडेसहा लाखांहून अधिक रुग्ण निघाले. १९८९ मध्ये जगभरातून आठ लाख ९२ हजार ५५ रुग्णांची नोंद झाली. रोग वाढला नव्हता, आजवर न दिसलेली माणसं दिसू लागली होती. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं सर्वांत धैर्याचं काम हेच. आपल्या कारकिर्दीत रुग्णांचा आकडा कित्येक पटींनी फुगलेला कोणत्याही आरोग्यमंत्र्याला आवडत नाही. तो फुगू दिला म्हणूनच तो पुढे उतरवता आला. ज्या आरोग्य कार्यक्रमात पहिल्या वर्षापासून आकडा सुरळीत खालीच येतो, तिथे मोजणी नीट झाली का, हे आधी विचारायला हवं.

भारताने ही वाट थोडी आधीच धरली होती. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या पाहणीत राजस्थान, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात, आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि तमिळनाडू या सात राज्यांतल्या ८९ जिल्ह्यांत, सुमारे १२,८०० गावांत मिळून जवळपास ४० हजार रुग्ण सापडले. आपल्याकडे संसर्गाचं मुख्य ठिकाण होतं पायऱ्यांची विहीर. बारवेत उतरून घागर भरायची, म्हणजे घोटाभर पाण्यात उभं राहणं आलंच. ज्याच्या पायाला नारू, तोही तिथेच उभा. आज बारवांच्या जतनाचं काम महाराष्ट्रात हौसेने चाललं आहे आणि ते व्हायलाच हवं; त्याच वेळी हेही लक्षात असावं की नारूच्या गावांत पायऱ्या बंद करून, कठडा बांधून, वरून पाणी शेंदायची सोय केली, तेव्हा कित्येक घरांची सुटका झाली. जिथे ते जमलं नाही तिथे पाण्यात सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस हे औषध टाकलं, बायकांना गाळण्याची फडकी दिली. आरोग्य कर्मचारी घरोघर जाऊन जंताचं चित्र दाखवत विचारत: असं कुणाच्या अंगातून निघालंय का?

तमिळनाडू १९८४ मध्येच मुक्त झालं. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्तीचं प्रमाणपत्र दिलं. मधल्या साडेतीन वर्षांत एकही रुग्ण नव्हता, तरी शोध चालूच होता. नियमच तसा आहे. शेवटच्या रुग्णानंतर किमान तीन वर्षं कडक पाळत ठेवायची, नारू झाल्याची नुसती कुणकुण लागली तरी माणूस पाठवून खातरजमा करायची, आणि ज्या गावात काहीच नाही तिथूनही दर महिन्याला ‘शून्य’ असा अहवाल यायला हवा. कोरा कागद आणि शून्य यांत या मोहिमेने काटेकोर फरक केला. रुग्ण सापडलाच, तर २४ तासांच्या आत त्याला पाण्यापासून दूर ठेवलं का, याचीही वेगळी नोंद होऊ लागली.

लढाई चालू असलेल्या प्रदेशात हे कसं करायचं? १९९५ मध्ये कार्टर यांच्या मध्यस्थीने सुदानमधल्या यादवी युद्धातल्या दोन्ही बाजूंनी नारूसाठी शस्त्रं खाली ठेवली. ती युद्धबंदी जवळपास सहा महिने टिकली, आणि तेवढ्यात आरोग्यसेवक आधी पाय ठेवता येत नव्हता अशा गावांत पोचले.

२०१५ मध्ये जगात फक्त २२ रुग्ण उरले होते. पण त्याआधीच चाडने धक्का दिला होता. तिथे दहा वर्षं एकही नोंद नव्हती आणि २०१० मध्ये अचानक नारू सापडला. त्या दहा वर्षांत पाळत ढिली होती. रोग तिथेच होता. २०१२ मध्ये तर कुत्र्यांतही तो आढळला. नारू माणसाशिवाय टिकत नाही, या समजावर सगळी मोहीम उभी होती. शारी नदीकाठच्या कोळी वस्त्यांत माशांची फेकलेली आतडी कुत्री खातात, हा संसर्गाचा एक मार्ग असावा असं अभ्यासकांना वाटू लागलं. २०१९ मध्ये चाडमध्ये सुमारे दोन हजार कुत्र्यांत नारू सापडला, त्याच वर्षी जगभरातले मानवी रुग्ण पुन्हा ५४ वर गेले. याला आवर घालायला आतडी पुरणं, कुत्री बांधून ठेवणं आणि कळवणाऱ्याला बक्षीस देणं चालू आहे. इथिओपियात बबून माकडांवर लक्ष ठेवावं लागतं. मालीत संघर्षामुळे काही गावांत पोचणंच कठीण झालं आहे.

आपल्याआधी शेवटचा नारू मरावा, असं कार्टर यांनी २०१५ मध्ये बोलून दाखवलं होतं. २९ डिसेंबर २०२४ रोजी वयाच्या शंभराव्या वर्षी ते गेले, तेव्हा रुग्णांचा आकडा दोन अंकी होता. आता उद्दिष्ट २०३० चं आहे. अंगोला, चाड, इथिओपिया, माली, दक्षिण सुदान आणि सुदान यांना प्रमाणपत्र मिळणं बाकी आहे, आणि त्यासाठी माणसांबरोबर प्राण्यांतलाही आकडा तीन वर्षं शून्यावर राहावा लागेल.