विहीर ते घर : सिरियल तारेच्या आयसोलेशनची पार्श्वभूमी

वावरातला मोटारपंप आर्डुइनोने (छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाने) चालवायचा, तर विहिरीवरचा बोर्ड आणि घरातला बोर्ड यांच्यात सिरियल तार (एकामागून एक बिट नेणारी) ओढावी लागते. दोन्हीकडचा ग्राउंड (शून्य व्होल्टची पातळी) एकच आहे असं आपण धरून चालतो, आणि तिथेच घात होतो. उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की अर्थिंगचा रोध वाढतो. मोटारीची गळती जमिनीत उतरली की दोन ठिकाणच्या ग्राउंडमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो. मग सिरियल केबलच्या ग्राउंडमधून नको तो प्रवाह वाहतो, आणि बहुधा आधी आरएक्स (डेटा घेणारी) पिन जाते.

अडचण जुनीच आहे. टेलिप्रिंटर ६० आणि पुढे २० मिलिअँपिअरच्या करंट लूपवर चालत. बिट ठरायचा तो प्रवाह आहे की नाही यावर, म्हणून लांब तारेचा रोध नडत नसे. १९६०च्या आरएस-२३२ या सिरियल मानकात सिग्नल सामायिक ग्राउंडच्या तुलनेत मोजला जाऊ लागला. उपकरणं एकाच टेबलावर असतील तर ते चालतं. १९८३च्या आरएस-४८५मध्ये दोन तारांमधला फरक मोजतात, पण दोन्ही तारांचं व्होल्टेज घेणाऱ्या बाजूच्या ग्राउंडच्या तुलनेत −७ ते +१२ व्होल्टच्या मर्यादेत राहावं लागतं. मॅक्स४८५ ही आरएस-४८५ची चिप लावली म्हणजे आयसोलेशन (दोन बाजूंमधला विजेचा थेट संबंध तोडणं) झालं, या समजुतीने पुष्कळ चिपा जळतात.

खरा तोडगा प्रकाशाने दिला. एलईडी आणि फोटोट्रान्झिस्टर एकाच पॅकेजमध्ये आले (हाच ऑप्टोकपलर) आणि मधली तांब्याची वाटच तुटली. १९८३मध्ये आलेल्या मिडी या इलेक्ट्रॉनिक वाद्यं जोडण्याच्या मानकाने प्रत्येक इनपुटला ऑप्टोकपलर ठरवून दिला : ५ मिलिअँपिअरचा लूप, सेकंदाला ३१,२५० बिट. हेतू होता वाद्यांमधला ग्राउंड लूपचा गुंजारव थांबवण्याचा. हौशी सर्किट आजही त्याच धाटणीचं असतं.

पीसी८१७ हा ऑप्टोकपलर स्वस्त आहे, पण १ किलोओहमच्या पुलअपवर (आउटपुट वर ओढणाऱ्या रोधावर) ९६०० बॉडपर्यंतच (सेकंदाला ९६०० बिट) भरवशाचा. ११५२००ला एक बिट ८.७ मायक्रोसेकंदांचा असतो आणि ट्रान्झिस्टर तेवढ्यात बंदच होत नाही. तिथे ६एन१३७ हा वेगवान ऑप्टोकपलर घ्या. एलईडीचा अ‍ॅनोड ३९० ओहममधून ५ व्होल्टला आणि कॅथोड टीएक्सला (डेटा पाठवणाऱ्या पिनला) जोडा. सिग्नल उलटत नाही, आणि लाइन रिकामी असताना एलईडी विझलेला राहतो. ८ आणि ५ पिनांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चिपला चिकटूनच हवा. पलीकडे ३.३ व्होल्टवर चालणारा ईएसपी३२ बोर्ड असेल तर चिपला ५ व्होल्ट द्या, पुलअप मात्र ३.३ला बांधा.

२००० नंतर अ‍ॅनालॉग डिव्हायसेसने सूक्ष्म ट्रान्सफॉर्मरवर चालणारे आयसोलेटर आणले. एडीयूएम१२०१मध्ये जाणारी आणि येणारी दोन्ही लाइन एकाच आठ पिनांच्या चिपेत मावतात.

चूक बहुतेक वेळा पॉवरमध्ये होते. एकाच अ‍ॅडॉप्टरमधून दोन्ही बाजूंना ५ व्होल्ट दिले, तर ग्राउंड मागच्या दाराने पुन्हा जुळतात आणि चिप शोभेची उरते. केबलच्या बाजूला बी०५०५एससारखा आयसोलेटेड कन्व्हर्टर लावा. तो रेग्युलेटेड नसतो, बिनलोडवर व्होल्टेज चढतं, म्हणून किमान १० टक्के लोड ठेवा. मृगाआधीच्या विजांपुढे मात्र एवढ्याने भागत नाही. केबलच्या दोन्ही टोकांना गॅस डिस्चार्ज ट्यूब आणि टीव्हीएस डायोड (जादा व्होल्टेज रोखणारे भाग) हवेत, आणि आभाळ भरून आलं की कनेक्टर काढून ठेवावा.