सैंधव खाल्लं की बीपी वाढत नाही?

"साधं मीठ सोडा, सैंधव खा, बीपी वाढणार नाही" असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय.

सैंधव खाणीतलं, साधं मीठ बहुधा समुद्राचं. पण दोन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं, मग रक्ताचं आकारमान वाढतं आणि दाब चढतो. गुलाबी छटा देणारी खनिजं इतकी थोडी की त्यांनी हे थांबत नाही. खात्री करायची तर दोन्ही पाकिटं उलटून 100 ग्रॅममागे सोडियम किती ते वाचा. आकडे जवळपास सारखेच निघतील. शिवाय सैंधवात बहुतेकदा आयोडीन घातलेलं नसतं.

दिवसाला सगळं धरून मीठ 5 ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे जेमतेम चहाचा एक सपाट चमचा. आपल्या कोकणात तो भरतो खाऱ्या बांगड्यानं, लोणच्यानं आणि (हे लक्षात येत नाही) आगळानं, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसानं. आगळ टिकावं म्हणून त्यात भरपूर मीठ असतं, तेव्हा सोलकढीत चव घेतल्याशिवाय वरून मीठ घालू नका. खारा बांगडा भिजवून ते पाणी ओतून द्या.

सैंधवाच्या भरवशावर गोळी मात्र बंद करू नका. बीपी मोजताना आधी पाच मिनिटं शांत बसा, हाताला छातीच्या पातळीवर आधार द्या आणि आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा.