झ्लात्नी रात: गोट्यांचा किनारा कसा घडतो आणि तिथे कसे वावरावे

क्रोएशियातील ब्राच बेटाच्या जाहिरातींत एक चित्र हमखास असते. पाइनच्या रानातून निघून निळ्या समुद्रात सुमारे अर्धा किलोमीटर घुसलेले एक पांढरे शिंग. बोल गावाजवळच्या या किनाऱ्याचे नाव झ्लात्नी रात. आकाशातून घेतलेल्या छायाचित्रात तो वाळूचा वाटतो, पण प्रत्यक्षात तिथे काही मिलिमीटरपासून काही सेंटिमीटरपर्यंतचे गुळगुळीत गोटे आहेत. तिथला उतार, पाण्याचा नितळपणा, लाटेचा जोर, पायाला होणारा त्रास, सगळे या गोट्यांच्या आकारावर ठरते. तो समजला की किनाऱ्यावर कधी जावे, कुठून पाण्यात उतरावे, हेही उमगते.

ब्राच हे चुनखडकाचे बेट. बोलच्या पाठीशी उभा असलेला विदोवा गोरा ७७८ मीटर उंच आहे. एड्रियाटिक समुद्रातल्या बेटांवरचे ते सर्वांत उंच शिखर. चुनखडक पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्यात विरघळतो, त्यात भेगा आणि विवरे पडतात आणि पाणी जमिनीखाली निघून जाते. त्यामुळे बेटावर बारमाही नद्या नाहीत, म्हणजे समुद्रात गाळ आणून टाकणारेही कोणी नाही. शिवाय टिकाऊ वाळू बहुधा क्वार्ट्झची, म्हणजे गारगोटीच्या खनिजाची असते. खनिजांची कठीणता १ ते १० अशी मोजणाऱ्या मोहस मापनावर क्वार्ट्झची कठीणता ७, तर चुनखडकातल्या कॅल्साइटची फक्त ३. डोंगरउतारावरून आणि कड्यांवरून सुटलेले तुकडे लाटांत एकमेकांवर घासून लवकर गोल होतात. घासताना निघणारी बारीक पूड लाटा खोल पाण्यात वाहून नेतात आणि काठावर गोटे उरतात. पाणी तळापर्यंत नितळ दिसते ते यामुळेच. जड गोट्यांचा तळ लाटेने ढवळला तरी पाणी गढूळ होत नाही.

आता उतार. वाळूच्या पुळणीवर लाट वर चढते आणि बरेचसे पाणी परत येताना वाळू ओढून नेते. गोट्यांमधल्या मोठ्या पोकळ्यांत मात्र वर चढलेले पाणी पटकन मुरते. परतणारा प्रवाह त्यामुळे दुबळा होतो आणि वर ढकललेला गोटा वरच राहतो. हे सतत घडून किनारा तीव्र होतो: साधारण पाचास एक ते दहास एक, म्हणजे पाच ते दहा मीटरमागे एक मीटर चढ. बारीक वाळूच्या पुळणीचा उतार पन्नासास एक किंवा त्याहूनही सौम्य असतो. वादळी दिवशी लाटा जिथवर पोचल्या तिथे गोट्यांचा आडवा बांध तयार होतो. शांत दिवसांत त्याखाली लहान बांध बनतात. वरून खाली पाहत आलात तर मागच्या लाटांचा इतिहास थेट वाचता येतो. आणखी एक गंमत पाहण्याजोगी आहे: चपटे गोटे लाटेबरोबर वर जाऊन तिथेच पडून राहतात, गोलसर गोटे घरंगळत खाली येतात. त्यामुळे वरच्या बाजूला चपटे अधिक सापडतात.

या किनाऱ्याचे टोक एका जागी राहत नाही. लाट तिरकी आली की गोटा तिरका वर चढतो, पण गुरुत्वाकर्षणाने सरळ खाली येतो. असे नागमोडी सरकत तो किनाऱ्याच्या कडेने पुढे जातो. उन्हाळ्यात ब्राच आणि ह्वार बेटांमधल्या खाडीत माएस्त्राल नावाचा वारा पश्चिमेकडून येतो. तो टिकला की गोटे टोकाकडे सरकतात आणि टोक पूर्वेला वळते. आग्नेयेचा युगो वारा दीर्घकाळ वाहिला की उलट घडते. या जिवंत भूरूपामुळेच १९६५ पासून झ्लात्नी रातला कायद्याचे संरक्षण आहे. भरती-ओहोटीचा वाटा इथे थोडाच, कारण मध्य एड्रियाटिकमध्ये पाण्याची चढउतार काही दशांश मीटर असते. मुंबईच्या उधाणाच्या भरती-ओहोटीत हाच फरक चार मीटरच्या पुढे जातो.

माएस्त्राल सकाळी उशिरा सुरू होतो, दुपारी जोर धरतो आणि संध्याकाळी मंदावतो. म्हणून पोहायला सकाळी लवकर जावे. दुपारी लाटा पश्चिमेच्या बाजूला अधिक लागतात, तेव्हा पूर्वेची बाजू शांत असते. विंडसर्फिंग करणाऱ्यांना मात्र दुपारच हवी. खरी भीती बुरा वाऱ्याची आहे. तो ईशान्येकडून डोंगर उतरून येतो आणि बोलजवळ जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. काठाजवळ पाणी सपाट दिसते, आणि त्या भरवशावर हवेची गादी घेऊन गेलेला माणूस बघता बघता खाडीच्या मध्याकडे ढकलला जातो. बुरा वाहत असताना तरंगणारी कोणतीही वस्तू पाण्यात नेऊ नये.

पायात पातळ रबरी तळाचे, घोट्यापाशी घट्ट बसणारे पाण्यातले बूट हवेत. चप्पल परतणाऱ्या पाण्यात निसटते. पाण्यात शिरताना गुडघाभर खोलीपर्यंत चालावे आणि मग पुढे झुकून पोहायला लागावे, कारण तीव्र उतारावर थोड्याच पावलांत पाणी कमरेच्या वर जाते. बाहेर येणे अधिक अवघड. लाट अगदी काठाशी फुटते आणि परतताना पायाखालचे गोटे सरकवते, तेव्हा उभे राहिले तर तोल जातो. हात तळाला लागेपर्यंत पोहत यावे, मोठ्या लाटा सरून जाऊ द्याव्यात आणि एका लहान लाटेबरोबर पटापट वर चढावे, लागलेच तर हातापायांवर. समुद्राकडे पाठ करून रेंगाळू नये.

छत्रीचा दांडा इथे रोवता येत नाही. ओली वाळू कणांमधल्या पाण्याच्या पातळ थरामुळे चिकटून राहते. गोट्यांमधल्या पोकळ्या एवढ्या मोठ्या असतात की तसा थर त्यांना बांधू शकत नाही. जड तळाचा स्टँड असेल तर उत्तम, नाहीतर कापडी पिशवीत गोटे भरून ती दांड्याला बांधावी आणि निघताना गोटे तिथेच ओतावेत. बसायला किमान दीड सेंटिमीटर जाडीची फोमची चटई न्यावी. दुपारी वरचा थर तापला तर पाण्याजवळ थोडे उकरावे, खाली थंड, ओले गोटे मिळतात. सरकत्या गोट्यांवर समुद्री साळिंदरांना (सी अर्चिन, अणकुचीदार काट्यांचे गोल समुद्री जीव) टिकाव धरता येत नाही. काठालगतच्या स्थिर खडकांवर मात्र ते असतात, तिथे बूट काढू नयेत.

मुख्य भूमीवरच्या स्प्लिट शहराहून ब्राचच्या सुपेतार बंदराला फेरीबोटीने साधारण ५० मिनिटे लागतात आणि पुढे बोलपर्यंत रस्ता आहे. बोलहून किनारा सुमारे दोन किलोमीटर, पाइनच्या सावलीतून जाणारी सपाट वाट.

एखादा गोटा आठवण म्हणून खिशात टाकण्याचा मोह होतोच. गोटे घासून कायमचे संपत असतात आणि नवा पुरवठा डोंगरातून फार संथ येतो, म्हणून तो टाळावा. इटलीच्या सार्डिनिया बेटावर वाळू, गोटे किंवा शिंपले नेणाऱ्याला ५०० ते ३,००० युरो दंड होतो.