हेल्मेट, पेडल आणि बाकीचे साहित्य : रोज सायकल चालवणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

रविवारी सकाळी सोमेश्वर किंवा गंगापूर धरणापर्यंत फेरी मारून परतणारी मंडळी गंगापूर रोडवरील आमच्या लहानशा दुकानात हवा भरण्यासाठी थांबतात आणि चहा येईपर्यंत हेल्मेटचा विषय निघतोच. मागच्याच महिन्यात एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "पस्तीस वर्षे पंचवटीतून सातपूरला सायकलने कामाला गेलो, डोक्यावर टोपीशिवाय काही नव्हते." त्यावर शेजारी उभा असलेला अंबडच्या कारखान्यातील तरुण म्हणाला, "काका, तेव्हा त्र्यंबक रोडला एवढ्या गाड्या तरी होत्या का?" दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते आणि दोघेही आमच्याकडे निवाड्याच्या अपेक्षेने पाहत होते. असे निवाडे आम्हाला दर आठवड्याला करावे लागतात, म्हणून आमचे मत एकदा लिहून ठेवत आहोत. ते थोडक्यात असे की, साहित्य दुसऱ्याची सायकल पाहून घेऊ नये. आपला रोजचा रस्ता, जाण्यायेण्याची वेळ आणि पायातील चप्पल-बूट पाहून घ्यावे.

हेल्मेट नेमके काय करते

आमच्या काउंटरवर एक हेल्मेट मधोमध कापून ठेवले आहे. ते ज्यांचे होते ते ग्राहक अंजनेरीजवळ खडीवरून घसरून उजव्या बाजूला पडले होते. बाहेरून पाहिले तर कानाच्या वर फक्त एक ओरखडा दिसतो. आतून मात्र त्याच जागी थर्माकोल चेपला गेला आहे आणि तिथून कपाळाच्या दिशेने नख जाईल एवढी भेग गेली आहे. ग्राहकाला चार दिवस मान दुखण्यापलीकडे काही झाले नाही. हेल्मेटने आपले काम केले ते असे, स्वतः चेपून. द्राक्षांच्या पेटीच्या तळाशी मऊ थर अंथरतात, त्यामागे जे कारण असते तेच इथेही असते. डोके रस्त्यावर आदळल्यावर क्षणार्धात थांबण्याऐवजी दोन-अडीच सेंटिमीटरच्या थरात थोडे सावकाश थांबते आणि मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. हा थर एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही, त्यामुळे जोरात आपटलेले हेल्मेट वरून कितीही चांगले दिसले तरी ते पुन्हा वापरू नये. गॅलरीतून खाली पडलेल्या हेल्मेटलाही हाच नियम लागू आहे. कुणाचे वापरलेले हेल्मेट विकत घेऊ नका असे आम्ही सांगतो तेही याच कारणासाठी, कारण त्याचा पूर्वेतिहास आपल्याला दिसत नाही.

आता हेल्मेटच्या मर्यादेविषयी. सायकलच्या हेल्मेटची चाचणी ते ठरावीक उंचीवरून खाली सोडून घेतली जाते. युरोपच्या ई.एन. १०७८ या मानकात सपाट पृष्ठभागावर आदळतानाचा वेग ताशी साधारण १९.५ किलोमीटर असतो, तर अमेरिकेच्या सी.पी.एस.सी. मानकात हेल्मेट सुमारे दोन मीटर उंचीवरून सोडतात आणि हा वेग ताशी २२ किलोमीटरच्या आसपास जातो. हे आकडे वाचून काही ग्राहक विचारतात की, आम्ही तर उतारावर ताशी ३५ किलोमीटरने जातो, मग याचा उपयोग काय? याचे उत्तर असे की, सायकलवरून पडताना डोके रस्त्यावर किती जोराने आदळेल हे मुख्यतः ते किती उंचीवरून खाली येते यावर ठरते. पुढे जाण्याचा वेग बराचसा घसरण्यात खर्च होतो. मात्र मुंबई-आग्रा महामार्गावर भरधाव ट्रकने धडक दिली, तर त्या धडकेसाठी कोणतेही सायकल हेल्मेट बनवलेले नसते, आणि हेल्मेट घातले म्हणजे कुठेही शिरता येते असा समज असेल तर तो आमच्या दुकानातच सोडून जावा. तिरपे आदळल्यावर डोक्याला बसणारी पिळवट कमी करण्यासाठी काही हेल्मेटांत मिप्स नावाचा पातळ सरकता थर असतो. कल्पना चांगली आहे आणि खिशाला परवडत असेल तर जरूर घ्यावे. पण नीट न बसणाऱ्या मिप्सच्या हेल्मेटपेक्षा नीट बसणारे साधे हेल्मेट चांगले.

कायद्याबाबतही बरीच गल्लत होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मधील हेल्मेटची सक्ती मोटारसायकल आणि स्कूटर चालवणाऱ्यांसाठी आहे, पायाने चालवायच्या सायकलसाठी नाही. उलट सायकलचे हेल्मेट घालून स्कूटर चालवली तर ते कायद्याला चालत नाही, कारण दुचाकीच्या हेल्मेटवर आय.एस. ४१५१ या मानकाची आय.एस.आय. खूण असावी लागते. स्कूटरचे हेल्मेट सायकलवर घालणारे काही ग्राहकही आमच्याकडे येतात. त्यांना कुणी अडवणार नाही. पण एक-सव्वा किलोचे ते ओझे आणि एप्रिलमधले नाशिकचे ऊन यांचा मेळ फार दिवस बसत नाही, शिवाय मागून येणाऱ्या गाडीचा आवाजही कमी ऐकू येतो. सायकलचे हेल्मेट सहसा अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅमचे असते.

सक्ती असावी की नसावी, हा वाद जगभर चालू आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९९० मध्ये सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. नेदरलँड्समध्ये मात्र रोज सायकल चालवणारे बहुतेक लोक हेल्मेट घालतच नाहीत. हेल्मेटला विरोध करणारे आमचे ग्राहक नेदरलँड्सचे उदाहरण नेहमी देतात आणि ते खोटे नाही. पण तिथे सायकलसाठी वेगळे मार्ग आहेत, आणि आपल्याकडे गंगापूर रोडवर डाव्या कडेला उभी केलेली चारचाकी, तिचे अचानक उघडणारे दार आणि मागून हॉर्न वाजवणारी रिक्षा या तिन्हींमधून वाट काढावी लागते. म्हणून आम्ही सक्तीचा आग्रह धरत नाही. हेल्मेट घाला असा आग्रह मात्र धरतो.

हेल्मेट घेताना डोक्याचा घेर भुवयांच्या वर, कपाळावरून टेपने मोजून घ्यावा. पुढची कड भुवयांपासून दोन बोटे वर राहावी. बरेच जण ती टोपीसारखी मागे सरकवतात आणि पडताना सर्वांत आधी लागणारे कपाळच उघडे पडते. दोन्ही पट्टे कानाखाली एकत्र यावेत आणि हनुवटीखाली एक-दोन बोटे जातील एवढीच जागा असावी. पट्टा न लावता डोके हलवून पाहिले तरी हेल्मेट फार सरकता कामा नये. अंबाडा किंवा वेणी घालणाऱ्या महिलांनी रोजच्याच केशरचनेत येऊन मोजमाप करून घ्यावे, कारण मागची कळ नेमकी अंबाड्यावर येते आणि मग हेल्मेट पुढे झुकते.

पेडलची गोष्ट

हेल्मेटनंतरचा मोठा वाद पेडलचा. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका ओलांडणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. अशा पराक्रमानंतर सायकल घेणाऱ्यांचा हुरूप वाढणे स्वाभाविक आहे. फक्त सातपूरपर्यंत सात किलोमीटर जाणाऱ्या माणसाला शर्यतीचे पेडल लागतेच असे त्यातून सिद्ध होत नाही.

बुटाच्या तळाला क्लीट नावाचा छोटा तुकडा बसवून तो पेडलमध्ये अडकवायचा, ही पद्धत स्कीइंगच्या बुटांवरून आली. लुक या फ्रेंच कंपनीने असे पेडल १९८४ मध्ये आणले आणि पुढच्याच वर्षी फ्रेंच सायकलपटू बर्नार्ड इनो यांनी ते वापरून टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली. शिमानो या जपानी कंपनीचे एस.पी.डी. पेडल १९९० मध्ये आले. त्याची क्लीट लहान असून बुटाच्या तळात दबलेली राहते, त्यामुळे सायकलवरून उतरल्यावर नीट चालता येते. रोजच्या वापरासाठी क्लीट पेडल घ्यायचेच असेल तर आम्ही हेच सुचवतो. रस्त्यावरच्या शर्यतीसाठीची तीन स्क्रूची मोठी क्लीट घालून ऑफिसच्या फरशीवर चालणे म्हणजे बर्फावर चालण्यासारखे होते.

क्लीटने पाय वर ओढता येतो आणि ताकद वाचते, असे विक्रेते सांगतात. आम्हीही काही वर्षे तेच सांगत होतो. प्रत्यक्षात साध्या, एकसारख्या चालीत सायकल चालवताना जवळपास सगळी ताकद पाय खाली दाबण्यातूनच येते, आणि मुद्दाम वर ओढण्याने दम कमी लागत नाही. क्लीटचा खरा फायदा वेगळा आहे. खड्ड्यांतून जाताना किंवा उभे राहून चढ चढताना पाय पेडलवरून निसटत नाही आणि लांबच्या प्रवासात पाऊल एकाच जागी राहते. त्र्यंबकेश्वरपर्यंत जाऊन-येऊन साठेक किलोमीटरची फेरी दर रविवारी करणाऱ्यांना हा फायदा जाणवतो. कॉलेज रोडच्या सिग्नलला चार वेळा पाय टेकवणाऱ्यांना जाणवतो तो मुख्यतः त्रास.

हे आम्ही अनुभवावरून सांगतो. नवे क्लीट पेडल बसवल्यानंतर दुसऱ्याच दिवशी आमच्यापैकी एकजण सिग्नलला थांबला, पाय सोडवायचा विसरला आणि उभ्या सायकलसकट डावीकडे आडवा झाला. शेजारच्या हातगाडीवरून मेथी विकणाऱ्या मावशींनी त्याला उठवताना विचारले, "पाय का नाही टेकवला रे दादा?" या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आजही त्याच्याकडे नाही. क्लीट पेडल घेणाऱ्या ग्राहकाला म्हणूनच आम्ही आधी भिंतीला धरून पन्नासदा टाच बाहेर वळवून पाय सोडवायला लावतो, पेडलवरच्या छोट्या स्क्रूने पकड सर्वांत सैल करून देतो आणि एस.एच. ५६ ही एकाहून अधिक दिशांनी सुटणारी क्लीट सुचवतो.

बाकी सर्वांसाठी रुंद, सपाट पेडल पुरेसे असते. जुन्या काळ्या सायकलींचे रबरी ठोकळ्यांचे पेडल कोरड्या दिवसांत उत्तम असते, पण पावसात त्यावरून चप्पल हमखास घसरते. धातूच्या पेडलवरील बारीक खिळ्यांची पकड घट्ट असते. मात्र पाय निसटला तर तेच खिळे नडगी सोलून काढतात, त्यामुळे शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी दातेरी प्लास्टिकचे पेडल बरे. सपाट चप्पल घालून सायकल चालवणाऱ्यांनी निदान पावसाळ्यात मागे पट्टा असलेली सँडल वापरावी.

पेडल घरी बदलणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. दर महिन्याला कुणीतरी डावे पेडल नेहमीप्रमाणे फिरवून काढू पाहतो, ते अधिकच घट्ट बसते, मग पान्याला पाइप लावून जोर केला जातो आणि शेवटी क्रँकचे, म्हणजे पेडल ज्यात बसते त्या दांड्याचे, आटे जातात. पेडलच्या खर्चात क्रँकची भर पडते. सोपी खूण अशी की, १५ नंबरचा पाना पेडलच्या दांड्यावर वरच्या दिशेने उभा धरावा. तो पुढच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही बाजूंची पेडल घट्ट होतात आणि मागच्या चाकाकडे फिरवला की सैल होतात. दांड्यावर 'एल' आणि 'आर' कोरलेले असते, ते पाहूनच पेडल बसवावे, आट्यांना थोडे ग्रीस लावावे आणि पहिले दोन-तीन फेरे हातानेच फिरवावेत. मोठ्यांच्या बहुतेक सायकलींच्या पेडलचा आटा ९/१६ इंच असतो, पण लहान मुलांच्या काही सायकलींत क्रँक एकाच सळईची असते आणि तिथे अर्ध्या इंचाचा आटा लागतो. म्हणून पेडल घेण्यासाठी येताना शक्यतो सायकल किंवा जुने पेडल सोबत आणावे.

बाकीचे साहित्य

इथे आमचे मत थोडे धंद्याच्या विरोधात जाते. हातमोजे, गादीची चड्डी, चष्मा, बाटलीचा स्टँड या वस्तूंनी प्रवास सुखाचा होतो, परंतु रोजच्या आठ-दहा किलोमीटरला त्यांच्यावाचून काही अडत नाही. दिवा आणि ब्रेक यांच्यावाचून मात्र अडते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे साडेपाचला त्र्यंबक रोडवर धुके असते आणि मागे लाल दिवा नसलेली सायकल मोटारचालकाला फारच उशिरा दिसते. पेडलवरचे नारिंगी परावर्तक 'शोभेचे' म्हणून काढून टाकू नयेत. ते पायासोबत वर-खाली होत असल्यामुळे गाडीच्या प्रकाशात पुढे सायकल आहे हे चालकाला लगेच कळते. आमच्याकडे दिवा आणि हेल्मेट यांतील एकच वस्तू घेण्याइतके पैसे घेऊन आलेला आणि अंधारात कामावर जाणारा ग्राहक आला, तर आम्ही त्याला आधी दिवा देतो आणि हेल्मेटसाठी पुढच्या पगाराला बोलावतो.

पावसाळ्यात ओल्या रिमवर ब्रेकचे रबर पाणी निपटून निघेपर्यंत धरत नाही, म्हणून थांबण्याच्या जागेच्या बरेच आधी ब्रेक हलका दाबायला सुरुवात करावी. रबरावरच्या खाचा झिजून सपाट झाल्या असतील तर जून उजाडण्याआधी ते बदलून घ्यावेत. सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेल्या रस्त्यांवरची बारीक खडी रबरात अडकते आणि रिमवर ओरखडे पाडते. कर्र असा आवाज येऊ लागला की ती सुईने काढावी. ओढणी, साडीचा पदर आणि पँटचा पायचा यांसाठी चेनकव्हर आणि पायच्याची साधी क्लिप पुरते. आरसा लावायचा असल्यास उजव्या हँडलला लावावा.

हेल्मेट बसवून पाहण्यासाठी आणि पेडलची चाचणी घेण्यासाठी दुकानात वेगळे पैसे लागत नाहीत. रविवारी सकाळी मात्र गर्दी असते, त्यामुळे कामाच्या दिवशी दुपारनंतर यावे आणि सायकल चालवताना रोज जे घालता तेच पायात घालून यावे.